रकाना सतरा

कुटाइसीच्या बाजारात, अक्रोडवाल्या बायकांच्या पलीकडे,
जिथे रिओनी नदीचा वारा
ताडपत्रीला घटकाभरही गप्प बसू देत नाही,
तिथे ओतार सुऱ्यांना धार लावतो.

मी गणतीवाली. गळ्यात ओळखपत्र,
हातात सरकारी टॅब्लेट, बोटं गारठलेली.
वय? एकसष्ट.
शिक्षण? धातुशास्त्र, लाल पुठ्ठ्याची पदवी.
“लाल पुठ्ठा तेव्हा हुशारांनाच मिळायचा,” तो म्हणाला,
“हल्ली कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली असतो.
कपाट हलत नाही.”
काम? त्याने सुरी वर धरली.
दिसत नाही का?

रकाना सतरा:
शिक्षणाचा सध्याच्या कामाशी संबंध आहे?
होय किंवा नाही.
मधे बोट टेकायलाही जागा नाही.

त्याने पायाखालचं चाक थांबवलं.
“संबंध,” तो म्हणाला,
जणू गर्दीत कुणी जुनं ओळखीचं दिसलं.
“लिही, काडीमोड झालाय,
पण लग्नाकार्यात भेटतो.”
मग खाटकाची सुरी उचलून तिला नखाने टिचकी मारली
आणि माझ्या कानाशी धरली.
“ऐक. आगगाडीच्या स्प्रिंगची आहे ही.
पाणी पाजलंय, पण घाईघाईत. कुणाला तरी जेवायला जायचं असणार.
वर्षभरात इथून तुटेल, इथून.”
मला नुसतंच टिंग ऐकू आलं.
“याचे पैसे खाटीक देत नाही.
धारेचे देतो. दोन लारी.”

सकाळी चौथ्या मजल्यावर मझिया भेटली होती,
भाषाशास्त्र शिकलेली,
अकरा वर्षं इटलीत परक्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढून आलेली.
प्रश्न पुरा व्हायच्या आत तिने “नाही” सांगून टाकलं.
आणि मग दारातच, चौकटीला टेकून,
पाऊण तास एका म्हातारीबद्दल बोलली,
जी शेवटच्या आठवड्यात लहानपणीच्या बोलीत शिरली
ती परत आलीच नाही.
पोटच्या पोरांना कळेना. ती ग्लासामागून ग्लास पाणी आणत होती.
मझियाने एक क्रियापद पकडलं, त्याचं शेपूट चाचपलं,
उठली आणि खिडकी उघडली.
तेवढंच हवं होतं तिला.
मी “नाही”च नोंदवलं. नियम नियम असतो.

तिच्या शेजारचा लेवान, संगणकवाला,
कानांवरचे हेडफोनही न काढता “होय” म्हणाला.
नऊ सेकंद.
सगळ्या दिवसात तेवढाच एक फॉर्म
गोळी गिळल्यासारखा सुरकन खाली उतरला.

माझं विचारू नका.
मी चहाच्या पानांवरचे रोग शिकले.
मळे ओस पडले, नेच्यांनी गिळले;
रोगीच गेला, आता नाडी कुणाची बघू?
तरी कुणाच्या खिडकीत कुंडी दिसली
की नजर आधी पानाच्या पाठीकडे जाते.
मझियाच्या जिरेनियमला तांबेरा आहे.
सांगितलं तिला, पानं खुडून जाळ म्हणून.
ही नोकरी तीन महिन्यांची, घरटी पैसे;
त्यात पानं मोजत नाहीत.

“काय दाबलंस?” ओतारने विचारलं.
काहीच नाही. पडदा पुढे सरकत नव्हता.
साहेबांनी बजावलंय: अडलं तर “नाही” दाबा.
वाऱ्याने ताडपत्री उचलली, आपटली,
आणि मी “होय” दाबलं.

लगेच नवा रकाना उगवला, हा आम्हाला शिकवताना दाखवलाच नव्हता:
मिळकत त्या संबंधाला साजेशी आहे?

ओतार इतका हसला
की त्याला चष्मा काढून पुसावा लागला.

तेवढ्यात खाटीक आला, हात एप्रनला पुसत.
“इथून तुटेल ही,” ओतारने बोट ठेवून दाखवलं.
“तुटेल तेव्हा बघू,” खाटीक म्हणाला,
फळीवर दोन लारी टाकल्या
आणि सुरी घेऊन गेला.